नाईन इंच नेल्स, मिनिस्ट्री, रामश्टाइन: इंडस्ट्रियल, इंडस्ट्रियल रॉक की इंडस्ट्रियल मेटल?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

जुन्या हार्ड डिस्कवरची गाणी जरा नीट लावायला घेतलीयेत आणि एका फोल्डरपाशी येऊन घोडं अडलंय. ड्रम मशीन, सिंथ, यंत्रांचे आवाज आणि त्यावर करकरीत डिस्टॉर्शनवालं गिटार असा जो सगळा प्रकार आहे, म्हणजे नाईन इंच नेल्स, मिनिस्ट्री, केएमएफडीएम, गॉडफ्लेश, फिअर फॅक्टरी, रामश्टाइन वगैरे, तो अख्खा माझ्याकडे 'इंडस्ट्रियल' ह्या एकाच नावाखाली कोंबलेला आहे. धाकटा मावसभाऊ मेटलवाला, तो म्हणतो हे सरसकट इंडस्ट्रियल मेटल, संपला विषय. ऑफिसातला एक मित्र बरोबर उलट, त्याचं म्हणणं ह्यातलं एकही इंडस्ट्रियल नाही, खरं इंडस्ट्रियल १९८१ साली थ्रॉबिंग ग्रिसल हा बँड फुटला तेव्हाच संपलं, नंतरच्यांनी नुसतं नाव ढापलं.

मला दोघांचंही पटत नाहीये. नाईन इंच नेल्सचा 'प्रिटी हेट मशीन' आणि गॉडफ्लेशचा 'स्ट्रीटक्लीनर' दोन्ही १९८९ चे अल्बम, पण पहिल्यात सरळ सरळ गाणी आहेत, मुखडा-अंतरा आहे, गुणगुणता येतात, आणि दुसरा ऐकताना खोलीतली हवा जड होते. ह्या दोघांना एका खणात ठेवणं मला चुकीचंच वाटतं. मग रेघ कुठे मारायची? गिटार किती आहे त्यावर? ड्रमर माणूस आहे की मशीन त्यावर? की बँड कुठून आला त्यावर?

आणि कृपा करून "लेबलांचं काय घेऊन बसलात, गाणी ऐका" असं सांगू नका. गाणी ऐकतोच आहे. पण मला पुढचा बँड सापडतो तो लेबलामुळेच, आणि लेबल चुकलं की शोधायला जावं एक आणि हाती लागावं भलतंच असं होतं. जाणकारांनी लिहावं, सविस्तर लिहिलं तर फारच उत्तम.


भोंगा_तिसरी_पाळी

तुमचा मित्र टोकाचं बोलतोय पण त्याचा मुद्दा उडवून लावू नका. इंडस्ट्रियल हे नाव मुळात आवाजावरून पडलेलंच नाही. १९७६ मध्ये लंडनला थ्रॉबिंग ग्रिसलने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तिचं नाव इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स, आणि इंडस्ट्रियल लोकांसाठी इंडस्ट्रियल म्युझिक हे घोषवाक्य त्यांना मॉन्टी कझाझा ह्या कलाकाराने दिलं. म्हणजे म्हणायचं होतं ते संगीताच्या धंद्याबद्दल होतं, की बाबांनो गाणं हा पण कारखान्यातून निघणारा मालच आहे, तर आपण तो उघडपणे मालासारखाच काढू. क्रिस कार्टर स्वतः सर्किटं जोडून इफेक्ट बनवायचा, पीटर क्रिस्टोफरसन टेप वाजवायचा, आणि कोझी फॅनी टुट्टीच्या हातात चक्क गिटार असायचं! हे लक्षात घ्या, गिटार पहिल्या दिवसापासून होतं. त्यामुळे गिटार आलं म्हणून इंडस्ट्रियल बिघडलं हे मी पण म्हणणार नाही. तिथे नव्हता तो ड्रमर, नव्हता रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, नव्हतं ते तुम्ही म्हणता तसं मुखडा-अंतरा प्रकरण.

शेफील्डचं कॅबरे व्होल्टेअर तर १९७३ पासून टेपचे तुकडे जोडत बसलं होतं, आणि शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव. पश्चिम बर्लिनमधले आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटन १९८० चे, ते पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशीन वाजवायचे. जानेवारी १९८४ मध्ये लंडनच्या आयसीए ह्या कलासंस्थेत त्यांच्यातल्या काहींनी मंडळी जमवून कार्यक्रम केला तेव्हा ड्रिल घेऊन स्टेजच फोडायला घेतलं आणि कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला. त्यानंतर तुम्ही मला नाईन इंच नेल्सचं 'हेड लाइक अ होल' ऐकवता आणि म्हणता हेही तेच, तर नाही हो, ते उत्तम गाणं आहे, मी स्वतः शेकडो वेळा ऐकलंय, पण ते तेच नाही. नाईन इंच नेल्स म्हणजे ट्रेंट रेझनर, त्याने स्वतःही मुलाखतींमधून सांगितलंय की थ्रॉबिंग ग्रिसलसारखे बँड आणि आपण ह्यात फार थोडं साम्य आहे.

म्हणून माझा नियम असा, नुसतं 'इंडस्ट्रियल' हे ह्या पहिल्या फळीसाठी राखून ठेवायचं. बाकीच्यांना पुढे रॉक लावा, मेटल लावा, माझी काही हरकत नाही, पण एकट्या शब्दावर हक्क त्यांचाच.


ड्रॉप_बी

भोंगा सर, इतिहास शंभर टक्के मान्य. पण तुमच्या नियमाने धागाकर्त्याचा प्रश्न काही सुटला नाही, कारण रॉक लावायचं की मेटल लावायचं तिथेच तर तो अडकलाय. मी पुण्यात एका बँडमध्ये गिटार वाजवतो, तर गिटारवाल्याच्या बाजूने सांगतो.

माझी कसोटी सोपी आहे. डोक्यात सगळे सिंथ आणि सॅम्पल, म्हणजे दुसरीकडून उचलून बसवलेले आवाज, बंद करा. फक्त गिटार, बेस, ड्रम्स शिल्लक ठेवा. उरलेल्यात अजूनही यंत्र ऐकू येतंय का? येत असेल तर ते इंडस्ट्रियल मेटल. सगळं कोसळलं तर इंडस्ट्रियल रॉक.

गॉडफ्लेश घ्या. बर्मिंगहॅमचे, म्हणजे ब्लॅक सॅबथच्याच गावचे, आणि जस्टिन ब्रॉड्रिक आधी नेपाम डेथमध्ये होता, 'स्कम'च्या पहिल्या बाजूला त्याचंच गिटार आहे. जगातल्या सगळ्यात वेगवान बँडपैकी एकातून बाहेर पडून तो ड्रम मशीन घेऊन बसला, अलेसिस एचआर-१६, आणि वेग इतका खाली आणला की दोन ठोक्यांच्या मध्ये तुम्हाला वाट बघावी लागते. आता माणूस ड्रमर असला की तो गिटारवाल्याकडे बघून जरा पुढेमागे होतो, वळणावर एखादा रोल टाकतो, जोर कमीजास्त करतो. मशीन ढिम्म हलत नाही. मग हलायचं कोणी, तर गिटारने. 'स्ट्रीटक्लीनर'मध्ये गिटार जे फरफटल्यासारखं वाजतं ना ते त्यामुळे, ते मशीनच्या मागे ओढलं जातंय. इथे सिंथ बंद करायचा प्रश्नच येत नाही, यंत्र बँडच्या आत बसलंय.

दुसरं टोक फिअर फॅक्टरी. १९९५ चा 'डिमॅन्युफॅक्चर'. ड्रमर हाडामांसाचा, रेमंड हेरेरा, पण त्याचे डबल बेसचे ठोके आणि डिनो कझारेसचा उजवा हात हे दोन्ही एकाच नकाशावर चालतात. जिथे ठोका तिथे स्ट्रोक, जिथे ठोका नाही तिथे तार हाताने दाबून पूर्ण शांतता. हे मी मेट्रोनोम लावून वाजवायचा प्रयत्न केलाय आणि सांगतो, स्ट्रोक मारणं कठीण नाही, थांबणं कठीण आहे. ती मधली रिकामी जागा जर एक केस इकडेतिकडे झाली तर लगेच साधं थ्रॅश मेटल वाटायला लागतं. माणसांनी मिळून यंत्र व्हायचं ठरवलंय, ह्याला इंडस्ट्रियल मेटल नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

उलट नाईन इंच नेल्सच्या पहिल्या अल्बममधून सिंथ काढून टाका, काय राहतं? म्हणून तो रॉक. ग्रॅमीवाल्यांनी १९९३ मध्ये त्यांच्या 'विश' गाण्याला बेस्ट मेटल परफॉर्मन्स दिलं म्हणून तो बँड मेटल होत नाही, ग्रॅमीवाल्यांचं मेटलचं ज्ञान हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.


क्वेकवीर

मी ह्या सगळ्यात गेममधून आलो. १९९६ च्या 'क्वेक'चं संगीत रेझनरचं, आणि त्यात खिळे मारणाऱ्या बंदुकीच्या गोळ्यांच्या पेट्यांवर नाईन इंच नेल्सचा लोगो असायचा. बँडचं नाव मला त्या पेट्यांमुळे कळलं. पण गंमत बघा, त्या गेमचं संगीत ऐकलंत तर त्यात रॉक नावालाही नाही फारसा, नुसती कुजबुज, घरघर, लांबवर काहीतरी घासल्याचे आवाज. भोंगा सरांच्या व्याख्येने ते मग नुसतं इंडस्ट्रियल होईल ना? एकाच माणसाला दोन खण लागतील.


टेपहिस

ड्रॉप_बी, तुझी कसोटी मला आवडली पण ती एका ठिकाणी साफ आपटते आणि ते ठिकाण फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा लांब लिहिते. मी मुंबईत साउंडचं काम करते, दिवसभर दुसऱ्यांचे आवाज कापणं-जोडणं हाच धंदा.

तू म्हणतोस सिंथ आणि सॅम्पल बंद करा, गिटार ठेवा. पण गिटार हेच सॅम्पल असेल तर? ऐंशीच्या मध्यावर सॅम्पलर परवडायला लागले, आधी ते श्रीमंत स्टुडिओंचं खेळणं होतं, मग एन्सोनिक मिराज आला, १९८६ ला आकायचा एस९०० आला, आणि साध्या बँडच्या हातात ही ताकद आली की कुठलाही आवाज दोन सेकंद पकडायचा आणि कीबोर्डच्या पट्टीवर ठेवायचा. स्वित्झर्लंडच्या द यंग गॉड्सचं बघ. स्टेजवर तीन माणसं, एक गायक, एक ड्रमर, एक सॅम्पलरवाला. गिटार वाजवणारं कोणीच नाही! आणि ऐकायला कमालीचं जोरकस रॉक, गिटारच्या भिंतीच्या भिंती. तुझ्या कसोटीने ह्यांचे सॅम्पल बंद केले तर गायक आणि ड्रमर उरतात. मग हे काय, रॉकसुद्धा नाही?

केएमएफडीएमचं 'गॉडलाइक' घे, १९९० चं. त्यातला रिफ स्लेयरच्या 'एंजल ऑफ डेथ'मधला आहे, उचलून लूप केलेला. आता दोन्ही गाणी हेडफोन लावून एकापाठोपाठ ऐक. स्लेयरमध्ये तो रिफ माणूस वाजवतोय, दर फेरीला पिक तारेवर थोडं वेगळं घासतं, एखादी नोट जरा जास्त दाबली जाते, आपल्याला ते जाणवत नाही पण कान ते घेत असतो. लूपमध्ये तीच खरखर, तीच घासण, तोच दाब, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. चारपाच फेऱ्यांनी कानाला कळतं की इथे कोणी वाजवत नाहीये. रिफ तोच, सूर तेच, पण माणूस त्यातून उठून गेला. माझ्या मते रॉक आणि इंडस्ट्रियल एकमेकांत खऱ्या अर्थाने मिसळले ते ह्या ठिकाणी, गिटारच्या शेजारी सिंथ ठेवून नव्हे.

म्हणून माझी कसोटी: गिटार हा परफॉर्मन्स म्हणून वापरलाय की कच्चा माल म्हणून? कच्चा माल असेल तर त्या रेकॉर्डला इंडस्ट्रियल म्हणायला माझी हरकत नाही, मग पुढे रॉक लावा नाहीतर मेटल. आणि हे फक्त गिटारचंच नाही. नाईन इंच नेल्सच्या 'क्लोजर'मधला तो सुरुवातीचा धपधप किक आठवतोय? तो इगी पॉपच्या 'नाइटक्लबिंग'मधून घेतलेला, आणि तिथेही तो ड्रम मशीनचाच होता, १९७७ चा. म्हणजे एका जुन्या रेकॉर्डवरच्या मशीनचा ठोका काढून, तासून, १९९४ च्या रेकॉर्डमध्ये बसवला. भोंगा सर, टेपचे तुकडे जोडणाऱ्या तुमच्या शेफील्डवाल्यांपेक्षा हे काम कुठे वेगळं आहे सांगा बरं?

हां, एक विसरले. शिकागोच्या बाजूचे बिग ब्लॅक, स्टीव्ह अल्बिनीचा बँड. त्यांची ड्रम मशीन रोलँड टीआर-६०६, आणि ते रेकॉर्डच्या कव्हरवर ड्रमर म्हणून सरळ 'रोलँड' असं नाव द्यायचे. १९८६ चा 'अ‍ॅटमायझर'. त्यांना कोणी इंडस्ट्रियल म्हणतं, कोणी नॉइज रॉक. गिटार तिथे परफॉर्मन्सच आहे, पण पत्रा कापल्यासारखा आवाज काढून. माझ्या कसोटीने ते रॉक.


भोंगा_तिसरी_पाळी

@टेपहिस, प्रश्न रास्त आहे. काम करायची पद्धत सारखी आहे हे मान्यच करावं लागेल. पण पद्धत सारखी म्हणून जात सारखी होत नाही, नाहीतर अर्धं हिपहॉप पण इंडस्ट्रियल होईल, पब्लिक एनिमीने पण 'एंजल ऑफ डेथ'चा तोच रिफ वापरला होता. हेतू कुठे गेला? थ्रॉबिंग ग्रिसलला ऐकणाऱ्याला अस्वस्थ करायचं होतं. 'क्लोजर' क्लबात नाचायला लावतं.


टेपहिस

सर, तुमच्याच थ्रॉबिंग ग्रिसलच्या १९७९ च्या अल्बमचं नाव 'ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स' आहे आणि त्यात 'हॉट ऑन द हील्स ऑफ लव्ह' सारखा चक्क डान्स ट्रॅक आहे. नाचणं त्यांनाही वर्ज्य नव्हतं. आणि रॉकवाल्यांना अस्वस्थ करता येत नाही असं कुठे आहे, नाईन इंच नेल्सचा 'द डाउनवर्ड स्पायरल' अंधारात सलग ऐकून बघा. हिपहॉपबद्दल म्हणाल तर हो, पब्लिक एनिमीचं संगीत बनवणाऱ्या बॉम्ब स्क्वॉडचं काम मला इंडस्ट्रियलच्या फार जवळचं वाटतं, आणि ते मी मनापासून म्हणतेय.


लाइपझिगकर

उशिरा आलो धाग्यावर. मी जर्मनीत असतो, त्यामुळे रामश्टाइनबद्दल थोडं.

इकडे त्यांना इंडस्ट्रियल मेटल म्हटलेलं क्वचितच ऐकू येतं. इकडचं लेबल वेगळं आहे, नॉये डॉइचे हेर्टे, आणि ते इथल्या पत्रकारांनी नव्वदच्या मध्यावर पाडलं. नाव पाडताना डोळ्यासमोर ऐंशीच्या सुरुवातीची नॉये डॉइचे वेले होती, म्हणजे जर्मन भाषेत गाणाऱ्या न्यू वेव्ह बँडची लाट. म्हणजे हे लेबल मुळात सांगतं काय, तर भाषा कुठली आणि आवाज किती कडक. यंत्राबद्दल त्यात एक अक्षर नाही.

आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं, कारण ह्या बँडची वंशावळ लंडनच्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सपर्यंत सरळ जात नाही. वोल्फ्सबुर्गचे ऊम्फ घ्या, १९८९ मध्ये सुरू झाले ते ईबीएम करत, इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक, ज्यात बेल्जियमचे फ्रंट २४२ आणि त्याआधी ड्युसेलडॉर्फचे डीएएफ. हे शुद्ध डान्स फ्लोअरचं संगीत, सीक्वेन्सरवर चालणारा बेस आणि घोषणा दिल्यासारखा आवाज. त्यावर ऊम्फने मेटलचं गिटार चढवलं. रामश्टाइनचे तिघं तर पूर्व जर्मनीतल्या फीलिंग बी ह्या पंक बँडमधले, कीबोर्डवाला फ्लाके त्यातलाच. आणि तो जड, खालच्या पट्टीतला, कवायतीसारखा बाज आहे त्यावर स्लोव्हेनियाच्या लायबाखची छाप आहे असं माझं मत. लायबाख १९८० चे, त्र्बोव्ल्ये नावाच्या कोळसा खाणींच्या गावातले, आणि ते मात्र भोंगा सरांच्या व्याख्येत अगदी चपखल बसतात.

'डू हास्ट' आठवा. सुरुवातीला सिंथची टिकटिक करणारी ओळ, एकाच चालीत, मग त्यावर गिटार येतं आणि ते काही नवीन सांगत नाही, त्याच ठोक्यावर पाय आपटत चालतं. मेटलमधला रिफ तुम्हाला कुठेतरी घेऊन जातो. हा जागेवरच कवायत करतो. हे नाचाचं लॉजिक आहे, गिटारच्या कपड्यात. अमेरिकेत ते पोचले डेव्हिड लिंचच्या 'लॉस्ट हायवे'मधून, १९९७ ला, त्याच साउंडट्रॅकवर रेझनरचंही काम होतं, त्यामुळे तिकडच्या लोकांनी त्यांना नाईन इंच नेल्सच्या शेजारच्या खणात टाकलं असावं असा माझा कयास आहे.

इथे लाइपझिगला दर वर्षी पेंटेकॉस्टच्या सुट्टीत वेव्ह-गोटिक-ट्रेफेन भरतं, १९९२ पासून चालू आहे, सगळ्या गावात काळे कपडे घातलेली माणसं. तिथे ईबीएमचे हॉल वेगळे, नॉइजवाले वेगळे, गिटारवाले वेगळे, आणि लोक आपला हॉल सोडत नाहीत. लेबलं किती खोल जातात ते तिथे दिसतं. त्यामुळे मंद्रसप्तक, तुमचा प्रश्न अजिबात क्षुल्लक नाही.


मंद्रसप्तक

वा! इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. रामश्टाइनचा खण वेगळा करतो, ते पटलं. पण मिनिस्ट्रीचं काय करू? माझ्याकडे त्यांचा १९८३ चा 'विथ सिम्पथी' आहे आणि १९९२ चा 'साम ६९' आहे, आणि आईशप्पथ सांगतो, नाव वाचलं नसतं तर हे एकाच माणसाचे अल्बम आहेत ह्यावर विश्वास बसला नसता.

दुसरं, कोणी सांगेल का की त्या काळातल्या सगळ्या एमपीथ्रीवर 'इंडस्ट्रियल' एवढंच का लिहिलेलं असतं? मी भरलेलं नाही ते, आधीपासूनच होतं.


विनॅम्प_युग

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. एमपीथ्रीच्या शेवटी १२८ बाइटचा एक तुकडा असायचा, आयडी३ ह्या गाण्याची माहिती भरायच्या पद्धतीची पहिली आवृत्ती, १९९६ ची. त्यात गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम ह्यांना तीस-तीस बाइट, आणि जॉनरला फक्त एक बाइट. एक बाइट म्हणजे अक्षरं लिहिताच येत नाहीत, एक आकडा ठेवता येतो. मग एक ठरलेली यादी होती, ० ते ७९, ऐंशी जॉनर. त्यात मेटल ९, रॉक १७ आणि इंडस्ट्रियल १९. इंडस्ट्रियल रॉक किंवा इंडस्ट्रियल मेटल त्या यादीत नव्हतंच. आणि आकडा एकच ठेवता यायचा. म्हणजे गाणं रिप करणाऱ्याला निवड करावीच लागायची, ९, १७ की १९, आणि बहुतेकांनी १९ निवडलं कारण तोच जास्त वेगळा वाटायचा. तुमच्या मावसभावाचं आणि मित्राचं भांडण त्या एका बाइटमध्ये बसत नव्हतं.

आता ती अडचण नाही. आयडी३च्या नंतरच्या आवृत्तीत हवा तो शब्द लिहिता येतो, एकापेक्षा जास्त जॉनर देता येतात. इंडस्ट्रियल एक टॅग, रॉक दुसरा टॅग, ईबीएम तिसरा, असं वेगवेगळं भरा आणि शोधताना दोन टॅग एकत्र लावून शोधा. जोडशब्दाचं लेबल हवंच कशाला?


ड्रॉप_बी

हवं. कारण रॉक अधिक इंडस्ट्रियल अशी बेरीज केली की मुंबईच्या पेंटाग्राम बँडचं नंतरचं काम पण त्यात घुसेल, रॉक आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे. पण ते इंडस्ट्रियल नाही, तिथलं इलेक्ट्रॉनिक्स गाण्याला उजळ करायला येतं, खडबडीत करायला नाही. दोन टॅग शेजारी ठेवून ते कळत नाही. जोडशब्द सांगतो की हे दोन एकमेकांना चावतायत.

आणि टेपहिस ताई, यंग गॉड्स काल रात्री ऐकला. माझी कसोटी तिथे चालत नाही हे उघड आहे, तिथे तुमचीच लावावी लागेल. पण तुमची फिअर फॅक्टरीला लावून बघा, तिथे गिटार पूर्णपणे परफॉर्मन्स आहे, तो सुद्धा प्रचंड मेहनतीचा, मग तुम्ही त्यांना इंडस्ट्रियल म्हणणारच नाही का?


टेपहिस

म्हणेन, पण रीस फल्बरमुळे. फ्रंट लाइन असेंब्ली ह्या इलेक्ट्रॉनिक बँडचा माणूस, त्याने फिअर फॅक्टरीच्या गाण्यांचे १९९३ मध्ये रिमिक्स केले आणि 'डिमॅन्युफॅक्चर'च्या मिक्समध्येही त्याचा हात आहे. त्या ठोक्यांची धार, तो कोरडा, अजिबात खोली नसलेला ड्रम्सचा आवाज हा मिक्सिंग टेबलवर झालेला आहे. हेरेराने वाजवलं ते खरंच, पण आपल्यापर्यंत पोचतं ते तासून गुळगुळीत केलेलं. म्हणजे तिथेही शेवटी परफॉर्मन्सचा कच्चा माल झालाच.

मिनिस्ट्रीबद्दल: बँडला लेबल लावूच नका, अल्बमला लावा. अल जोर्गेनसेनचा 'विथ सिम्पथी' सिंथपॉप. १९८६ चा 'ट्विच' एड्रियन शेरवुड ह्या निर्मात्याबरोबर केलेला, त्यात गिटार जवळजवळ नाहीच, तो लाइपझिगकर म्हणतात त्या ईबीएमच्या शेजारी ठेवा. १९८८ चा 'द लँड ऑफ रेप अँड हनी', ह्यात पहिल्या काही गाण्यांत गिटार तुटून पडतं आणि उरलेल्यात पुन्हा मशीनचं राज्य, म्हणजे एकाच रेकॉर्डमध्ये तुम्हाला सांधा दिसतो. मला विचाराल तर इंडस्ट्रियल मेटल कुठे सुरू झालं हे बोट ठेवून दाखवायचं असेल तर इथे ठेवीन. आणि 'साम ६९' म्हणजे मेटलच, तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश ह्यांच्या भाषणाचे तुकडे गाण्यात आहेत ते धरूनही.


भोंगा_तिसरी_पाळी

अल्बमला लेबल हे एकदम मान्य. आणि ह्या सांध्याचं एक कारण दुकान आहे. जिम नॅश आणि डॅनी फ्लेशर ह्या दोघांचं वॅक्स ट्रॅक्स नावाचं रेकॉर्डचं दुकान, आधी डेन्व्हरला होतं, १९७८ ला शिकागोच्या लिंकन अव्हेन्यूवर आणलं, पुढे त्याच नावाची रेकॉर्ड कंपनी झाली. फ्रंट २४२ अमेरिकेत आणले त्यांनीच, मिनिस्ट्रीची सुरुवातीची गाणी त्यांनीच काढली, हॅम्बुर्गचे केएमएफडीएम त्यांच्याकडेच. म्हणजे बेल्जियमचं नाचाचं संगीत, हॅम्बुर्गचे लूप आणि शिकागोचे पंक एकाच काउंटरवर विकले जायचे, आणि तिथे येणारी पोरं सगळंच उचलायची. अमेरिकेत इंडस्ट्रियल म्हणजे हे सगळं, अशी समज बरीचशी तिथून आली असं मला वाटतं. मला स्वतःला ती समज मान्य नाही, पण ती आळसातून आलेली नाही, एकत्र ऐकण्यातून आली आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे.

आता ड्रॉप_बी ह्यांना माझा प्रश्न. किलिंग जोकचा १९८० चा पहिला अल्बम. ड्रमर माणूस, सिंथ थोडासाच, मिक्समध्ये काही जादू नाही. तरीही गिटार असं वाजतं की त्यातून सूर निघतोय की मोटर चालू आहे कळत नाही. ब्रॉड्रिकपासून रेझनरपर्यंत सगळे त्यांचं नाव घेतात. त्यांना कुठे ठेवणार?


ड्रॉप_बी

पोस्ट-पंक. तिथून हलवणार नाही. त्या काळात तो शब्द त्यांना बरोबर बसत होता आणि नंतरच्या लोकांनी त्यांच्याकडून काय घेतलं त्यावरून मागे जाऊन त्यांचं नाव बदलायचं हे मला पटत नाही. पण मंद्रसप्तक, तुम्ही 'स्ट्रीटक्लीनर' लावायच्या आधी तो अल्बम लावा. त्यातलं 'द वेट' ऐका, मेटॅलिकाने १९८७ ला ते वाजवलंय, त्यांचं पण ऐका. मूळ गाण्यात गिटार एकाच जागी घुमत राहतं, मेटॅलिकाने त्याला स्वच्छ रिफ करून टाकलंय. दोन्हींत फरक नक्की कुठे पडतो ते ऐकून इथे लिहा, मला वाचायचंय.


मंद्रसप्तक

लिहितो. सध्या फोल्डर असे केलेत: थ्रॉबिंग ग्रिसल, नॉयबाउटन, लायबाख नुसत्या इंडस्ट्रियलमध्ये. यंग गॉड्स, नाईन इंच नेल्स आणि बिग ब्लॅक इंडस्ट्रियल रॉकमध्ये. गॉडफ्लेश, फिअर फॅक्टरी मेटलमध्ये. रामश्टाइन आणि ऊम्फ त्यांच्या जर्मन नावाखाली. मिनिस्ट्री अल्बमवार फोडली. केएमएफडीएम मात्र अजून बाहेरच आहे, 'गॉडलाइक' रॉक की मेटल? रिफ स्लेयरचा, पण चाल नाचाची. टेपहिस ताई, हे तुम्हीच सांगा.


टेपहिस

रॉक. तो रिफ स्लेयरच्या गाण्यात मेटल होता. इथे तो ठोका झालाय.